आभाळ ऐकू येते का?

लहान मुलांना प्रश्न फार. "चांदण्या बोलतात का?" "चंद्रावर ढोल वाजवला तर इथं ऐकू येईल का?" असे काहीबाही ती विचारतात. आपण कामात असतो. "गप बस, झोप आता," असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळ वेळा आपल्याला उत्तर ठाऊक नसते, म्हणूनही आपण रागावतो.

आता घरोघर मोबाईल आला आहे. त्यावर "अंतराळाचे आवाज" म्हणून काही वाजते. कधी घूं घूं, कधी सूं सूं, कधी टक टक. पोर कान लावून ऐकते आणि विचारते, "आई, हा खरंच वरचा आवाज आहे का गं?"

हा प्रश्न टाळू नये. त्या आवाजांतले काही खरे असतात. काही शास्त्रज्ञांनी यंत्राने तयार केलेले असतात. आणि काही शुद्ध थापा असतात. धान्य निवडताना आपण खडा बाजूला काढतो. तसेच इथेही निवडावे लागते. मुलांना ही निवड शिकवायला मोठी पदवी लागत नाही. पायरी पायरीने समजून घेतले, की पुरे. चला तर मग.

आवाज कसा चालतो?

आधी घरातच एक प्रयोग करा. हातभर दोरा घ्या. त्याच्या मधोमध स्टीलचा चमचा बांधा. दोऱ्याची दोन टोके मुलाच्या दोन बोटांना गुंडाळा. ती बोटे त्याला दोन्ही कानांत घालायला सांगा. चमचा खाली लोंबता राहू द्या. आता तो चमचा दाराच्या चौकटीवर हलकेच आपटू द्या.

मूल एकदम चमकेल! देवळातली मोठी घंटा वाजावी तसा आवाज त्याला येईल. बोटे कानांतून काढली आणि चमचा पुन्हा आपटला, तर नुसते "टिण्" ऐकू येईल.

असे का झाले? चमचा आपटला की तो थरथरतो. त्याची थरथर दोऱ्यात जाते, दोऱ्यातून बोटात, बोटातून कानात. आवाज म्हणजे ही थरथरच. एकाने दुसऱ्याला ढकलावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, तशी ती पुढे पुढे जाते. पण पुढे जायला मध्ये काही तरी पाहिजे. दोरा पाहिजे, पाणी पाहिजे, लाकूड पाहिजे, निदान हवा तरी पाहिजे. आपण बोलतो ते एकमेकांना ऐकू येते, कारण आपल्यामध्ये हवा असते.

आवाज हवेतून किती वेगाने जातो? एका सेकंदाला सुमारे 340 मीटर. म्हणून तर वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. वीज चमकली की एक, दोन, तीन असे सावकाश मोजा. तीन अंकांना साधारण एक किलोमीटर धरा. तीस मोजायच्या आत गडगडाट आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. मग शेतात किंवा झाडाखाली थांबू नका. घरात या.

अंतराळ मुके आहे

आता वर जाऊ. पृथ्वीभोवती हवेचे पांघरूण आहे. जसजसे उंच जावे, तसतसे ते विरळ होते. शंभर किलोमीटरांवर तर हवा जवळजवळ नसल्यासारखीच. पुढे चंद्रापर्यंत, सूर्यापर्यंत, ताऱ्यांपर्यंत बहुतेक सारी पोकळीच. तिथे थरथर पुढे न्यायला कोणी नाही. म्हणून तिथला आवाज आपल्या कानांपर्यंत पोहोचत नाही.

हे नुसते तोंडाचे बोलणे नाही. इंग्लंडात रॉबर्ट बॉईल नावाच्या शास्त्रज्ञाने 1660 साली याविषयीचे प्रयोग लिहून ठेवले आहेत. काचेच्या भांड्यात वाजणारी वस्तू ठेवायची आणि पंपाने आतली हवा काढून घ्यायची. हवा कमी होते तसा आवाज मंदावतो. वस्तू वाजतच असते, पण ऐकू येत नाही.

1969 च्या जुलै महिन्यात आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन हे दोघे चंद्रावर उतरले. दोघे जवळजवळ उभे राहिले, तरी हाक मारून भागत नव्हते. चंद्रावर हवाच नाही. ते बिनतारी यंत्रानेच एकमेकांशी बोलत होते.

तेव्हा मुलाला पहिले उत्तर हे द्यावे: "बाळा, चंद्रावर ढोल वाजवला, तर शेजारी उभ्या असलेल्यालाही तो ऐकू येणार नाही. मग आपल्याला इथं कुठला?"

मूल लगेच विचारील, "मग मोबाईलवर वाजतं ते काय?" प्रश्न बरोबर आहे. त्या आवाजांच्या तीन जाती आहेत. त्या एकेक करून पाहू.

पहिली जात: खराखुरा ऐकलेला आवाज

सारे जग पोकळ नाही. काही ग्रहांवर हवा आहे. मंगळावर आहे, पण फार विरळ. आपल्या हवेचा दाब शंभर धरला, तर तिथला दाब एकसुद्धा भरत नाही. शिवाय ती हवा बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइडची, म्हणजे आपण श्वासावाटे बाहेर टाकतो त्या वायूची.

18 फेब्रुवारी 2021 रोजी अमेरिकेची पर्सिव्हरन्स नावाची चाकांची गाडी मंगळावर उतरली. त्या गाडीवर मायक्रोफोन बसवले होते. सभेत बोलताना पुढाऱ्यापुढे असतो, त्याच जातीचे. त्यांनी मंगळावरच्या वाऱ्याची झुळूक टिपली. गाडीच्या धातूच्या चाकांची खडखड टिपली. गाडीबरोबर गेलेल्या लहानशा हेलिकॉप्टरची गुणगुण टिपली. एकदा तर धुळीची वावटळ थेट गाडीवरून गेली. वाळूचे कण गाडीवर आपटल्याचाही आवाज मिळाला.

हे आवाज खरे आहेत. ते हवेतून मायक्रोफोनपर्यंत चालत आले. आपल्यापर्यंत मात्र ते बिनतारी संदेशाने आले.

तिथे आवाजाची चालही निराळी. जाड, खर्जातला आवाज मंगळावर सेकंदाला सुमारे 240 मीटर जातो, तर बारीक, चढा आवाज सुमारे 250 मीटर. बारीक आवाज थोडा आधी पोहोचतो खरा, पण तो वाटेतच लवकर विरून जातो. म्हणजे मंगळावर भजन झाले, तर दूर बसलेल्याला मृदंगाची थाप बारीकशी ऐकू येईल, पण टाळांची किणकिण बहुधा पोहोचणारच नाही!

दुसरी जात: लहरींचा केलेला आवाज

ही जात समजायला थोडी अवघड आहे. पण तुम्ही अक्षर शिकला आहात, म्हणून तुम्हाला ती चटकन कळेल.

मुंबईला गेलेला मुलगा गावी पत्र पाठवतो. पोस्टमन कागद आणून देतो. कागदातून आवाज येतो का? नाही. अक्षरे मुकी असतात. वाचता येणारा माणूस ती पाहतो आणि मोठ्याने वाचतो. मग मुलाचे बोलणे घरात घुमते.

रेडिओचेही असेच आहे. रेडिओ केंद्रापासून आपल्या घरापर्यंत आवाज चालत येत नाही. येतात त्या बिनतारी लहरी. त्या प्रकाशाच्या नात्यातल्या आहेत. त्यांना हवा लागत नाही. पोकळीतूनही त्या सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. त्या मुक्या असतात. रेडिओ त्या लहरी "वाचतो" आणि त्यांचा आवाज करतो.

याची खूण हवी असेल, तर घरातला जुना रेडिओ काढा. मिडियम वेव्हवर लावा. पावसाळी हवेत दूर कुठे वीज चमकली, की त्याच क्षणी रेडिओत "खर्र" होते. गडगडाट मागून येतो. विजेने आवाजाबरोबर लहरीही सोडल्या होत्या. त्या आधी पोहोचल्या. हा प्रयोग घरात बसूनच करावा, बरे का!

तारे आणि ग्रहसुद्धा अशा लहरी सोडतात. हे कसे कळले? अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाचा एक तरुण इंजिनियर टेलिफोनच्या कारखान्यासाठी संशोधन करीत असे. समुद्रापार चालणाऱ्या बिनतारी टेलिफोनात खरखर येई. ती कुठून येते ते शोध, असे त्याला सांगितले होते. त्याने लाकडाचा आणि पितळी नळ्यांचा मोठा सांगाडा उभारला. त्याला मोटारीची चाके लावली. जत्रेतल्या चक्रासारखा तो गोल फिरे आणि चारी दिशांच्या लहरी पकडे.

जान्स्कीला तीन प्रकारची खरखर सापडली. एक जवळच्या विजांची. दुसरी लांबच्या विजांची. तिसरी मात्र विजांची नव्हती. ती एकसारखी "स्स्स्" अशी येई. ती जिथून येई, ती जागा रोज चार मिनिटे लवकर उगवे.

शेतकऱ्याला यातली खूण लगेच पटेल. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात. म्हणून तर आज पहाटे दिसणारे नक्षत्र काही महिन्यांनी सांजेला दिसते. जान्स्की समजला, की ही खरखर ताऱ्यांच्या मुलखातून येते. ती आकाशगंगेतून, धनू राशीच्या बाजूने येत होती. हा शोध त्याने 1933 साली जाहीर केला. आभाळ "ऐकण्याचे" शास्त्र तिथून सुरू झाले.

दुसरी गोष्ट एका मुलीची आहे. तिचे नाव जोसलिन बेल. इंग्लंडात केंब्रिजला ती शिकत होती. तिने इतरांबरोबर खांब रोवले, तारा ओढल्या आणि लहरी पकडण्याचे मोठे मैदान तयार केले. यंत्र कागदाच्या लांब पट्टीवर रेघा काढी. ती पट्टी रोज कित्येक हात लांब होई. जोसलिन ती डोळ्यांनी तपासून पाही. 1967 साली तिला त्यात एक बारीकशी निराळी खूण दिसली. कोणी दुसरा असता तर त्याने ती सोडून दिली असती. तिने सोडली नाही. नीट पाहिल्यावर दिसले, की दर 1.33 सेकंदांनी एक ठोका पडतो आहे. टक... टक... टक... घड्याळासारखा!

परग्रहावरचे कोणी बोलावते आहे की काय, असे गमतीने तिथे म्हटले गेले. पण तसे काही नव्हते. तो एक मेलेला तारा होता. आपल्या सूर्याहून जड, पण आकाराने एखाद्या शहराएवढा, कसाबसा वीस किलोमीटर. तो गरगर फिरतो. फिरता फिरता त्याचा लहरींचा झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा आपल्यावरून जातो. झोत आला की ठोका पडतो. अशा ताऱ्यांना पल्सार म्हणतात. पुढे असे पुष्कळ सापडले. एक सेकंदाला सुमारे अकरा ठोके देतो, तर दुसरा तीस. त्यांच्या लहरींचा आवाज करून ऐकवला, तर कोणी तबल्यावर बोटे नाचवतो आहे असे वाटते.

खोडदची मोठी तबके

असे आभाळ ऐकणारे एक मोठे ठिकाण आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. नारायणगाव म्हटले की आपल्याला तमाशाच्या राहुट्या आठवतात. त्याच नारायणगावाजवळ खोडद नावाचे गाव आहे. तिथे आणि आसपासच्या शिवारात तीस प्रचंड तबके उभी आहेत. एकेक तबक 45 मीटर रुंद आहे. काही तबके जवळजवळ आहेत, तर काही लांब लांब, पंचवीस किलोमीटरांच्या टापूत पसरलेली. सारी मिळून एकच कान असल्यासारखे काम करतात.

हे काम उभे केले डॉक्टर गोविंद स्वरूप यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. एवढी तबके जाड पत्र्याची केली, तर वजन आणि खर्च भारी होतो. म्हणून त्यांनी बारीक पोलादी तारेची जाळी वापरली. वारा जाळीतून निघून जातो. लहरी मात्र जाळीवरून परततात. आभाळातल्या लहरी लांब असतात, त्यांना जाळीची भोके लहानच वाटतात. कमी खर्चात मोठे काम झाले. जगभरचे शास्त्रज्ञ आज ही दुर्बीण वापरायला मागतात. पल्सारांचा अभ्यासही इथे चालतो.

ही जागा का निवडली? भोवती डोंगरांची आड आहे. मोठ्या शहरांचा विजेचा आणि यंत्रांचा गोंगाट कमी आहे. कीर्तनात मागे बसलेले लोक बोलत राहिले, तर बुवांचे शब्द कळत नाहीत. तसेच इथेही आहे. 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमारास खोडदला विज्ञानाचे प्रदर्शन भरत आले आहे. शाळांची मुले आपले प्रयोग घेऊन येतात. आधी चौकशी करून मुलांना जरूर घेऊन जावे.

तिसरी जात: आकड्यांवरून रचलेला आवाज

तिसऱ्या जातीत आवाज माणूस रचतो. पण मनाला येईल तसा नव्हे. दुर्बिणीने आकडे मिळतात. अमुक तारा किती तेजस्वी, किती वर, किती खाली. मग नियम ठरवतात. तेज वाढले की आवाज मोठा करायचा. वरचा तारा चढ्या सुरात, खालचा खर्जात. अशा नियमाने चित्राचा आवाज होतो. रांगोळीचे ठिपके पाहून पेटीवर बोटे ठेवावी, तसे हे.

हा नुसता खेळ नाही. वांडा डियाझ-मर्सेड नावाच्या बाई पोर्तो रिको बेटावरच्या आहेत. विद्यापीठात शिकत असताना आजाराने त्यांची दृष्टी गेली. आभाळाचा अभ्यास करणाऱ्याचे डोळेच गेले, तर पुढे काय? दुसरी कोणी असती तर हात टेकले असते. त्यांनी आकड्यांचे आवाज केले आणि कानांनी ताऱ्यांचा अभ्यास चालू ठेवला. डोळस माणसाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट कधी कधी कान पकडतो, हेही दिसून आले.

आपल्या गावात एखादे आंधळे मूल असेल. रात्री सगळी मुले चांदण्या मोजतात, तेव्हा ते बाजूला बसून राहते. आभाळ त्याच्यासाठीही आहे, हे त्याला सांगणारे कोणी हवे. हे आवाज त्याला ऐकवावे. कोणता सूर म्हणजे काय, ते समजावून सांगावे.

सूर्य ॐ म्हणतो का?

आता खडा निवडायचा. मोबाईलवर एक आवाज फिरतो. "सूर्यातून ॐ असा ध्वनी निघतो, तो शास्त्रज्ञांनी टिपला," असे त्याखाली लिहिलेले असते. हे खरे नाही. असा आवाज कोणी टिपलेला नाही.

मग खरे काय? सूर्य सतत हलत असतो हे खरे. 1962 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले, की सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांनी एकदा वरखाली होतो. आत उकळी फुटते, तिने तो घुमतो. पण आपल्या कानाला सेकंदाला निदान वीस थरथरी लागतात. पाच मिनिटांची एक थरथर कान कशी ऐकणार? शिवाय मध्ये पोकळी आहे. म्हणून शास्त्रज्ञ ती हालचाल प्रकाशावरून मोजतात, हजारो पटींनी वेगवान करतात आणि मग ऐकवतात. तेव्हा एक जाडसर गुणगुण ऐकू येते. तिच्यात शब्द नाही, मंत्र नाही.

ॐ म्हणणाऱ्याची श्रद्धा आहे. ती त्याच्या जागी राहो. पण श्रद्धेला खोट्या पुराव्याची गरज नसते. आज आपण मुलाला थाप सांगितली आणि उद्या शाळेत त्याला खरे कळले, तर ते आपले खरे बोलणेही मानणार नाही. ही मोठी हानी आहे.

आपला आवाजही तिकडे गेला आहे

मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. आपण आभाळाकडे कान लावला, तसा आपला आवाजही तिकडे पाठवला आहे. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात पाखरांचे, पावसाचे, माणसांचे आवाज भरले आहेत. 55 भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत आपली मराठीही आहे! आणि देशोदेशीच्या गाण्यांबरोबर गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. फोंड्याजवळच्या केरी गावात जन्मलेल्या या बाई. पहिले व्हॉयेजर 5 सप्टेंबर 1977 ला निघाले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई वारल्या. त्यांचा सूर आज 2400 कोटी किलोमीटरांच्या पलीकडे गेला आहे.

ती भैरवी तिथे वाजते आहे का? मुलाला विचारून पाहा. आता त्याला उत्तर यायला हवे. नाही वाजत. तिथे हवा नाही. तबकडी मुकी आहे, बंद पत्रासारखी. कोणी ती उचलली, सुई लावली, तरच ती बोलेल.

मुलांना कसे सांगावे?

एकदम सारे सांगू नका. पहिल्या दिवशी चमच्याची घंटा ऐकवा. दुसऱ्या दिवशी विजेचे अंक मोजा. मग मंगळाचा वारा ऐकवा, कारण तो खरा आवाज आहे. त्यानंतर पल्सारचे ठोके. आवाज फार मोठा ठेवू नका, लहान मूल घाबरते. आणि दर वेळी त्याला एकच विचारा: "हा आवाज हवेतून ऐकलेला, की लहरींचा केलेला, की आकड्यांवरून रचलेला?"

एखादे वेळी तुम्हालाही सांगता येणार नाही. तेव्हा "मला ठाऊक नाही, आपण दोघं मिळून शोधू," असे म्हणावे. त्यात कमीपणा काही नाही. मुलाला गप्प बसवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

वाचून झाल्यावर वर्गात बोला

1. चंद्रावरचा ढोल आपल्याला का ऐकू येत नाही?
2. पत्र आणि रेडिओ यांत सारखेपणा कोणता?
3. खोडदची तबके जाळीची का केली?
4. मोबाईलवर आलेली एखादी गोष्ट खरी की खोटी, हे तुम्ही कसे ठरवता?